मांडवगड ते बऱ्हाणपूर : कबुतरी डाकेंतील जोखीम

मलकापूरच्या उत्तरेस सरळ रेषेनें सुमारें ३० मैलांवर बऱ्हाणपूर आहे. ऐन-इ-अकबरींत मलकापूर हा वऱ्हाड सुभ्याच्या नरनाळा सरकारांतील परगणा म्हणून नोंदला आहे. मोंगलांच्या दक्षिणेंतील कारभाराचें मुख्य ठाणें बऱ्हाणपूर असल्यानें, तेथें येणाऱ्या डाकेचा विचार या प्रांताच्या इतिहासास उपयोगी आहे.

इ. स. १६१७ मध्यें जहांगीर बादशहाचा मुक्काम मांडवगडीं होता. अब्बासी खलीफांच्या काळीं बगदादेस पत्रवाहक कबुतरें असत, हें ऐकून त्यानें आपल्या कबुतरबाजांकडून कांहीं पक्षी तयार करविले. त्याच्या आत्मवृत्तांतील नोंदीप्रमाणें मांडवगडीं सकाळीं सोडलेलीं बहुतेक कबुतरें निरभ्र हवेंत एका प्रहरांत, व कांहीं तर चार घटकांत, बऱ्हाणपुरास पोंचत. पाऊस फार असल्यास दीड ते अडीच प्रहर लागत.

या वेगाचें कौतुक करणें सोपें आहे. परंतु साडेसात घटकांचा एक प्रहर धरला असतां अडीच प्रहर म्हणजे पावणेएकोणीस घटका. म्हणजे पावसांत तेंच अंतर जवळजवळ पांचपट वेळ घेई. शिवाय ही नोंद पोंचलेल्या पक्ष्यांची आहे. सोडलेले किती व हरवले किती, हा जमाखर्च तींत नाहीं. वाटेंत नर्मदेचें खोरें व सातपुडा. पंख भिजले कीं कबुतर आसरा शोधतें. सूर्य झांकला कीं दिशा धरणें कठीण जातें. आणि कड्यांवर राहणारा शाहीन ससाणा हा त्याचा जन्मवैरी.

ही जोखीम कौटिल्यानें ओळखली असावी. शत्रूची चाहूल मुद्रांकित पाळीव कबुतरांकरवीं कळवावी असें सांगतांना तो धूर व अग्नि यांच्या परंपरेचा पर्यायहि देतो. दुर्गलंभोपाय या अधिकरणांत तर, किल्ल्यांत घरटीं असलेले कबुतरादि पक्षी पकडून शेपटीस ज्वालाग्राही द्रव्य बांधून सोडावे, असा प्रयोग आहे. घराची ओढ हा कबुतराचा गुण. तोच घराच्या नाशास कारण होऊं शकतो.

कबुतर आपल्या ढाबळीकडेच परततें, उत्तर घेऊन उलट जात नाहीं. मराठ्यांच्या पत्रव्यवहारांत वारंवार भेटणारी जासूदजोडी मंद खरी. पण एक वाटेंत पडला तर दुसरा उरे, आणि पत्र गेलें तरी तोंडी निरोप राही. म्हणून डाकेचें मोल सर्वांत जलद पोंचलेल्या पत्रावरून न ठरवितां, न पोंचलेल्या पत्रांची जागा मोकळी ठेवून ठरविणें, हेंच संशोधकास उचित होय.