सुकामेव्याचा खण कोणता?

दिवाळीत घरी येणाऱ्या सुकामेव्याच्या डब्यात बदाम, काजू, अक्रोड, जर्दाळू, अंजीर, खारीक, बेदाणे असा ऐवज असतो. वाण्याच्या लेखी हा सगळा सुकामेवा. वनस्पतिशास्त्राच्या तासाला मात्र डब्याची फाळणी होते. बेदाणा आणि खारीक ही वाळलेली मृदुफळे. जर्दाळू हा अश्मगर्भी फळाचा, म्हणजे कठीण आठळी असलेल्या फळाचा, वाळलेला गर. बदामाचे फळही अश्मगर्भीच. पण त्याचा गर टाकून आपण आठळीतले बी खातो. काजूचे बोंड हा फुगलेला देठ, खरे फळ त्याच्या टोकाला लटकलेले आणि आपण खातो तो त्यातला बियांचा गर. अंजीर म्हणजे तर आत वळलेला फुलोराच!

हाच डबा बंदरावर उतरला तर? तेथे बसलेल्या अधिकाऱ्याला त्यावर सीमाशुल्क आकारायचे असते. त्याचे वर्गीकरण ना वाण्याचे, ना वनस्पतिशास्त्रज्ञाचे. ते कसे घडत गेले, याचा इतिहास वर्गीकरण शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला उपयोगी पडेल असे आम्हाला वाटते.

सुरुवात करू अमेरिकेपासून. तेथील १८८३ च्या कायद्याने आयात भाज्यांवर १० टक्के शुल्क बसवले होते. ताज्या फळांना माफी होती. १८८६ च्या वसंतात जॉन निक्स या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने वेस्ट इंडीजमधून टोमॅटो आणवले. बंदराचे शुल्क अधिकारी एडवर्ड हेडन यांनी त्यावर भाजीचे शुल्क घेतले. टोमॅटो हे फळ आहे, तेव्हा पैसे परत करा, असा दावा निक्स यांनी १८८७ मध्ये लावला. न्यायालयात शब्दकोशांतल्या व्याख्या वाचल्या गेल्या, या धंद्यात तीस वर्षे काढलेल्या व्यापाऱ्यांच्या साक्षी झाल्या. १० मे १८९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी लिहिले त्याचा आशय असा : वनस्पतिशास्त्रानुसार टोमॅटो फळ आहे हे मान्य, पण काकडी, भोपळा, वाटाणे, घेवडाही त्याच अर्थाने फळे आहेत. लोक त्यांना भाजी म्हणतात आणि टोमॅटो जेवणात मुख्य पदार्थांबरोबर खातात, शेवटच्या गोडाच्या जागी नव्हे. म्हणून शुल्कापुरती ती भाजी.

हा विचार अगदी नवा नव्हता. चारच वर्षे आधी, १८८९ मध्ये, याच न्यायालयापुढे पांढऱ्या घेवड्याचे दाणे आले होते. ते 'बी' म्हणून शुल्कमुक्त आहेत का, हा प्रश्न होता. न्यायालयाने उदाहरण दिले ते अक्रोडाचे. शास्त्राच्या भाषेत अक्रोड आणि घेवडा दोन्ही बियाच. पण बाजारात किंवा घरात त्यांना कोणी बियाणे म्हणत नाही.

येथे न्यायालयाने विज्ञान नाकारले, असे समजण्याचे कारण नाही. न्यायालयाने विचारले ते इतकेच, की कायदा लिहिणाऱ्यांनी शब्द कोणत्या अर्थाने वापरला? पण त्यातून दुसरी अडचण उभी राहते. लोकव्यवहार देशोदेशी वेगळा. प्रत्येक देशाने आपल्या बाजाराप्रमाणे खण केले, तर एका देशाची निर्यात दुसऱ्याच्या आयातीशी ताडून पाहायची कशी?

या अडचणीवरचा एक महत्त्वाचा प्रयत्न ब्रुसेल्सला झाला. ३१ डिसेंबर १९१३ रोजी अनेक देशांनी व्यापाराच्या आकडेवारीसाठी १८६ वस्तूंची एक समाईक यादी मान्य केली. तिचे गट पाचच : जिवंत प्राणी, अन्न व पेये, कच्चा माल, तयार माल आणि सोने-चांदी. पुढे राष्ट्रसंघाने १९३१ मध्ये जिनिव्हा येथे अधिक तपशिलाची यादी तयार केली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० मध्ये पुन्हा ब्रुसेल्सला करार झाला. त्यातूनच वाढलेली, आज जगभर वापरली जाणारी 'सुसंगत पद्धती' १९८३ मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली. भारताने आपले सीमाशुल्काचे कोष्टक १९८६ मध्येच तिच्या साच्यात बसवले होते.

या पद्धतीत सर्व वस्तू ९७ प्रकरणांत मांडल्या आहेत. (त्यांतले ७७ वे प्रकरण भविष्यासाठी रिकामे ठेवले आहे. मेंडेलेव्हच्या कोष्टकातल्या रिकाम्या जागांची आठवण व्हावी!) आपला सुकामेवा आठव्या प्रकरणात येतो. नारळ आणि काजू ०८०१ मध्ये. बदाम, अक्रोड, पिस्ते आणि सुपारीसुद्धा ०८०२ मध्ये. खजूर-खारीक व अंजीर ०८०४ मध्ये. द्राक्षे आणि बेदाणे ०८०६ मध्ये. जर्दाळू ०८१३ मध्ये. मिसळलेला सुकामेवा ०८१३ च्याच ५० क्रमांकाच्या उपशीर्षकात. शेंगदाणा मात्र या घरातला नाही; त्याची जागा बाराव्या प्रकरणात, तेलबियांबरोबर.

मग कोणी बदाम-बेदाण्यांत शेंगदाणे मिसळले तर? ०८१३ चे शब्द 'या प्रकरणातील' फळांच्या मिश्रणापुरते आहेत. अशा वेळी नियम क्रमाने लावायचे असतात. आधी सर्वांत नेमके वर्णन करणारे शीर्षक शोधायचे. ते जमले नाही तर मिश्रणाला त्याचे मूळ स्वरूप कोणत्या घटकामुळे येते ते पाहायचे. तेही ठरेना, तर लागू होऊ शकणाऱ्या शीर्षकांपैकी क्रमाने शेवटचे घ्यायचे. शेवटचा नियम ऐकून हसू येते. पण जहाज धक्क्याला लागलेले असताना 'उत्तर नाही' हे उत्तर चालत नाही.

खरी कसोटी लागते ती प्रक्रियेच्या सीमेवर. तासगावकडे बेदाणा करताना द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि एथिल ओलिएटच्या द्रावणात बुडवतात, रंग राखण्यासाठी गंधकाची धुरी देतात. आठव्या प्रकरणाची टीप टिकवण्यासाठी दिलेली गंधकाची धुरी, बेताची उष्णता, चकाकीसाठी थोडे वनस्पती तेल हे सगळे चालवून घेते. माल वाळलेल्या फळाच्या रूपात राहिला म्हणजे झाले. पण बदाम भाजला की तो विसाव्या प्रकरणात जातो. मग बेताची उष्णता कोठे संपते आणि भाजणे कोठे सुरू होते? हा प्रश्न दिसतो शब्दांचा, पण त्याच्या मुळाशी तापमान, ओलावा आणि रंग बदलणाऱ्या रासायनिक क्रिया आहेत.

भारतात नेमका हाच वाद सुपारीवरून न्यायालयापर्यंत गेला. आयात सुपारीवर १०० टक्के मूळ सीमाशुल्क. भाजलेल्या सुपारीच्या खणातला दर त्या काळी बराच कमी होता. त्या फरकाला कोकणातल्या आणि कर्नाटकातल्या बागायतदारांचा भाव टांगलेला असतो. बदामाचेही तसेच. २०२३ मध्ये अमेरिकी बदामांवरचे जादा शुल्क उठल्यावर सालासकट बदामावर किलोला ३५ रुपये आणि सोललेल्यावर १०० रुपये असे मूळ दर उरले. वनस्पतिशास्त्राला दोन्ही एकच. पण किलोभर सालासकट बदामांत गर कमी असतो आणि सोलण्याचे कामही येथे होते, हे त्या दरांत दिसते.

आम्ही एकदा एका शाळेत चाचणीच्या वह्या तपासत होतो. टोमॅटोला भाजी म्हणणाऱ्या एका मुलीचे उत्तर आम्ही लाल शाईने खोडले. तिची आई बाजारात भाजी विकत असे, हे नंतर कळले. तिने आईच्या पाटीतले वर्गीकरण लिहिले होते आणि आम्ही प्रश्नात 'वनस्पतिशास्त्रानुसार' हा शब्द घालायला विसरलो होतो. चूक तिची नव्हती.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग सोपा आहे. मूठभर सुकामेवा आणि थोडे शेंगदाणे घ्या. मुलांचे तीन गट करा : वाणी, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि शुल्क अधिकारी. प्रत्येक गटाने ढीग लावावेत आणि नियम लिहून काढावा. मग ढिगांची तुलना करा. कोणाचे बरोबर, असे मुले विचारतील. उत्तर देण्याआधी त्यांनाच विचारा, की हे ढीग कशासाठी लावले होते?