पूर्वनिर्मित काँक्रीटच्या सांध्यांतील दोषांचा शोध : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पूर्वनिर्मित काँक्रीटच्या भिंती, स्तंभ व तुळया कारखान्यात तयार होतात. त्यामुळे त्यांची तपासणी सुलभ असते. सांधा मात्र बांधकामस्थळी भरला जातो आणि भरताच दृष्टीआड होतो. प्रस्तुत लेखात या दडलेल्या सांध्यातील दोष शोधण्याच्या प्रयत्नांचा आढावा घेतला आहे.

रोनन पॉइंटची दुर्घटना :
१६ मे १९६८ रोजी पहाटे पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. बाह्य भिंतीचे फलक निखळले आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चौघांचा मृत्यू झाला. एक आधार गेल्यास भार पेलण्याचा पर्यायी मार्ग रचनेत नव्हता, हे चौकशीत स्पष्ट झाले. दुरुस्तीनंतर इमारत पुन्हा वापरात आली. १९८६ मध्ये ती सुरुंगाने न पाडता फलक सुटे करून उतरविण्यात आली, तेव्हा अनेक सांध्यांत मसाला अपुरा असल्याचे व पोकळ्यांत वर्तमानपत्रांचे कागद आणि कचरा असल्याचे आढळले. अठरा वर्षे हा दोष भिंतीआड राहिला होता.

तपासणीची नवी साधने :
याच दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये मेरी सॅन्सलोन व निकोलस कॅरिनो यांनी आघात-प्रतिध्वनी पद्धती विकसित केली. पोलादी गोळीच्या हलक्या आघाताने निर्माण झालेले तरंग पोकळीवरून परावर्तित होतात. त्यांच्या वारंवारितेवरून खोली काढता येते. तरंगवेग सेकंदाला ४,००० मीटर व वारंवारिता १० किलोहर्ट्झ असल्यास परावर्तक पृष्ठ सुमारे २० सेंटिमीटर खोल असते.

स्लीव्ह-जोडणीतील अडचण :
१९६० च्या दशकाच्या अखेरीस अल्फ्रेड यी यांनी सळया जोडणारी ग्राउट-भरित स्लीव्ह प्रचारात आणली. तीत एका सळईचा भार दुसरीकडे ग्राउटमार्फत जातो. पोकळी राहिल्यास सळईची पकड कमी होते. ग्राउट खालच्या छिद्रातून दाबाने भरतात आणि वरच्या छिद्रातून बाहेर येताच स्लीव्ह भरली असे मानतात. तथापि तळाशी गळती असल्यास ते नंतर खाली उतरते. धातूची नळी व भोवतालच्या सळया यांमुळे येथे प्रतिध्वनीचा अर्थ लावणे कठीण जाते. म्हणून छिद्रातून एंडोस्कोप घालून प्रत्यक्ष पाहण्याचा मार्गही अवलंबिला जातो.

निष्कर्ष :
साधने प्रगत झाली, तरी प्रत्येक साधन दोष राहून गेल्यानंतरच उपयोगी पडते. रोनन पॉइंटच्या सांध्यांत कागद कोंबला गेला त्या क्षणी तो दोष कोणत्याही उपकरणाविना दिसण्याजोगा होता. म्हणून ग्राउट भरताना जबाबदार अभियंत्याची उपस्थिती व प्रत्येक सांध्याची नोंद यांची जागा नंतरची कोणतीही चाचणी घेऊ शकत नाही.