निळ्या पडद्याची कुळकथा

सी शिकणाऱ्या मुलांच्या जर्नलमध्ये दोन फंक्शनं हमखास सापडतात. सुरुवातीला पडदा पुसणारं ‘क्लिअर स्क्रीन’ आणि शेवटी कळ दाबेपर्यंत थांबवून ठेवणारं ‘गेटच’. ही दोन्ही सी भाषेची नव्हेतच. बेल लॅब्जमध्ये १९७२च्या सुमारास डेनिस रिची यांनी घडवलेल्या भाषेत ती नव्हती, १९८९च्या अमेरिकी प्रमाणकातही नाहीत. ती आपल्याकडे आली टर्बो सीबरोबर.

फिलिप कान यांच्या बोरलँड कंपनीने १९८३ साली टर्बो पास्कल बाजारात आणला, पन्नास डॉलरपेक्षाही कमी किमतीत. त्याचं इंजिन डेन्मार्कच्या अँडर्स हेल्सबर्ग यांचं होतं. पुढे कंपनीने बॉब जर्विस यांचा ‘विझर्ड सी’ विकत घेतला आणि त्यातून १९८७ साली टर्बो सी आला. तोवर पीसीवर सीचा प्रोग्रॅम बहुधा एडिटरमध्ये लिहायचा, बाहेर पडायचं, कंपायलर चालवायचा, मग लिंकर. चूक निघाली की ओळीचा आकडा टिपून पुन्हा एडिटरात. टर्बो सीने हे सगळं एका खिडकीत आणलं. चूक झाली की कर्सर थेट त्या ओळीवर जाई. नवशिक्याचा केवढा तरी त्रास यामुळे वाचला, आणि त्याचं श्रेय बोरलँडला द्यायलाच हवं.

पण प्रोग्रॅम संपला की लगेच एडिटरचा निळा पडदा परत येई आणि उत्तर मागे दडून राही. म्हणून ‘गेटच’. मागच्या खेपेचं उत्तरही तिथेच साचलेलं असे. म्हणून ‘क्लिअर स्क्रीन’. एका साधनाच्या अडचणीवरचे हे उपाय वर्गावर्गातून भाषेचे नियम म्हणून शिकवले गेले. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर ज्या पिढ्या तयार झाल्या, त्यांची लॅबही याच निळ्या पडद्याची होती.

१९९०मध्ये टर्बो सी प्लस प्लस आला, तेव्हा आणखी एक गुंता झाला. नव्या फाइलला तो आपणहून ‘सीपीपी’ हे शेपूट लावतो. मुलांना वाटतं आपण सी लिहितोय, कंपायलर तपासतो सी प्लस प्लसच्या नियमांनी. ‘मॅलॉक’च्या आधी कंसात टाइप लिहिलाच पाहिजे, ही समजूत अनेकांच्या मनात इथूनच पक्की झाली.

खरी मेख मात्र ‘इंट’मध्ये आहे. टर्बो सीचा इंट दोन बाइटचा, कमाल ३२७६७. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम चालवून ८ आकडा द्या. ४०३२०ऐवजी उत्तर येतं उणे २५२१६. आजच्या कंपायलरवर तोच प्रोग्रॅम १२पर्यंत बिनचूक चालतो. चौसष्ट बिटी विंडोजवर टर्बो सी थेट उघडतही नाही. डॉसबॉक्समध्ये जुना पीसी उभा करून तो चालवावा लागतो. शिकणाऱ्या मुलांवर ही वेळ आणणं मला अन्यायाचं वाटतं.

रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी हा कंपायलरसुद्धा १९८७चाच. तो फुकट आहे आणि आजही वाढतो आहे. नवशिक्याने तोच घ्यावा, मॅकवर क्लँग. ‘स्कॅनएफ’मध्ये अँपरसँड राहून गेला, तर ‘डब्ल्यू-ऑल’ हा पर्याय चालू असलेला जीसीसी इथे पत्ता हवा होता, आकडा आलाय, असं प्रोग्रॅम चालवण्याआधीच सांगतो. सगळं एकाच खिडकीत हवं असेल, तर विंडोजवर कोड ब्लॉक्सची मिनजीडब्ल्यूसकटची, म्हणजे जीसीसी असलेली, प्रत उतरवून घ्या आणि सेटिंगमध्ये ‘डब्ल्यू-ऑल’ आधी चालू करा.