सतलज निघून गेली, वस्ती मागून आली

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

शाळेत आपण सगळ्यांनीच लिहिलंय: 'प्राचीन संस्कृती नद्यांच्या काठी उदयाला आल्या, कारण तिथे पाणी आणि सुपीक जमीन होती.' दोन मार्कांचं उत्तर. चूक नाही, पण अर्धंच आहे. कारण मोठी नदी गाळ आणते, तशीच घरंही घेऊन जाते. म्हणून आज हडप्पा संस्कृतीची तीन ठिकाणं बघूया. काळ साधारण इ.स.पू. २६०० ते १९००. तिन्हीकडे मुद्रा, वजनं, लिपी एकच. पाण्याचा प्रश्न मात्र प्रत्येकाचा वेगळा.

पहिलं मोहेंजोदडो. शेजारी सिंधू, म्हणजे हिमालयातलं बर्फाचं पाणी आणि पावसाचा पूर. इथल्या लोकांनी आधी कच्च्या विटांचे प्रचंड मोठे चौथरे रचले आणि त्यावर शहर बांधलं. नदी एवढी जवळ असूनही पिण्याचं पाणी विहिरीचं. शहरात ७०० च्या आसपास विहिरी असाव्यात, असा मायकेल यान्सेन या अभ्यासकाचा अंदाज आहे. थोडक्यात, नदीजवळ राहायचं, पण तिच्यावर विसंबायचं नाही.

दुसरं धोलावीरा, कच्छच्या रणातल्या खदीर बेटावर. इथे मोठी नदी नाहीच. मनसर आणि मनहर नावाचे दोन पावसाळी ओढे, बस्स. वर्षातले थोडेच दिवस वाहणारं ते पाणी त्यांनी बंधारे घालून वळवलं आणि तटबंदीच्या आत बांधलेल्या मोठमोठ्या हौदांत साठवलं. काही हौद तर खडक कोरून केलेले आहेत.

तिसरं ठिकाण माझं सगळ्यात आवडतं: राजस्थानातलं कालीबंगा, घग्गरच्या काठी. घग्गर आज फक्त पावसाळ्यात वाहते. पण या पट्ट्यात हडप्पा काळातल्या वस्त्या दाटीने सापडतात. त्यामुळे अनेक वर्षं समज असा होता की तेव्हा इथे हिमालयातून येणारी मोठी नदी वाहत असणार, आणि ती आटल्यावर शहरं ओस पडली.

२०१७ मध्ये आयआयटी कानपूर आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी जुन्या पात्रात खोल छिद्रं घेऊन वाळू काढली, तिचं वय मोजलं आणि ती कुठल्या डोंगरातून आली ते शोधलं. निष्कर्ष असा की पूर्वी या पात्रातून सतलज वाहायची, पण तिने सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच मार्ग बदलला होता. म्हणजे हडप्पाची शहरं उभी राहिली, त्याच्या कितीतरी आधी! लोक आले ते मोठी नदी सोडून गेलेल्या रुंद खोऱ्यात. तिथे गाळाची जमीन होती, पावसाळी पाणी होतं, आणि सतलजच्या महापुराची भीती नव्हती. नदीचं जाणं इथे वस्तीच्या पथ्यावर पडलं.

मग शहरं ओस का पडली? एक मोठं कारण पाऊस. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी जगाच्या बऱ्याच भागांत दीर्घ कोरडा काळ आला. त्याची खूण मेघालयातल्या मॉम्लूह गुहेतल्या चुनखडीच्या थरांत मिळाली, म्हणून २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी तिथून पुढच्या कालखंडाला 'मेघालयन' असं नाव दिलं. पाऊस हे एकच कारण नव्हतं, पण शहरांचं गणित बिघडायला ते पुरेसं मोठं होतं. शहर चालतं शिलकीच्या धान्यावर. मुद्रा कोरणारा, मणी घडवणारा स्वतः शेती करत नाही. शिल्लक घटली की आधी त्यांची कामं थांबतात.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही सिस्टीम बंद पडली असं म्हणण्याआधी बघतो की नक्की काय बंद पडलं. इथेही तेच विचारूया. लिपी गेली, प्रमाणित वजनं गेली, मोठी शहरं गेली. शेतकरी राहिले. पूर्वेकडे हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेशात लहान लहान गावं वाढली. आपल्याकडे प्रवरेकाठी दायमाबादलाही उत्तर हडप्पा काळाचा थर सापडला, त्यात हडप्पा लिपीची चिन्हं असलेल्या मातीच्या मुद्रासुद्धा.

कालीबंगाला हडप्पा शहराच्याही आधीचं एक नांगरलेलं शेत सापडलंय. त्यात आडवे-उभे तास आहेत, एका दिशेने जवळजवळ, दुसरीकडे लांब लांब. उत्खनन करणाऱ्यांनी पाहिलं, तर त्या भागातले शेतकरी तशाच तासांत हरभरा आणि मोहरी एकत्र घेत होते. म्हणून 'संस्कृती संपली' हे वाक्य मला खटकतं. ते म्हणताना आपण फक्त शहरवाल्यांना मोजतो, नांगर धरणाऱ्याला सोडून देतो.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!