विंचेस्टर परिसरातील चॉक तृणभूमीचे संरक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
निसर्गसंरक्षणाचा कायदा अस्तित्वात असणे आणि भूमी प्रत्यक्षात सुरक्षित राहणे, या दोन भिन्न बाबी आहेत. दक्षिण इंग्लंडमधील विंचेस्टर शहरालगतच्या सेंट कॅथरिन्स हिल व ट्वायफर्ड डाऊन या दोन शेजारील टेकड्यांच्या इतिहासातून हे स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात त्याचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी :
चॉक म्हणजे खडूसारखा मऊ, पांढरा चुनखडक. त्यावरील पातळ व निकस मातीत शतकानुशतके मेंढ्या चरल्या. त्यामुळे झुडपे वाढली नाहीत आणि एका चौरस मीटरमध्ये 40 पर्यंत वनस्पतिजाती आढळणारी तृणभूमी निर्माण झाली. ही भूमी केवळ निसर्गनिर्मित नसून मानवी श्रमाचीही निर्मिती आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नांगरट, रासायनिक खते व मेंढपाळीचा ऱ्हास यांमुळे अशी कुरणे झपाट्याने घटली. 1953 मध्ये ब्रिटनमध्ये पोहोचलेल्या मिक्सोमॅटोसिस रोगाने ससे मेल्यावर उरलेल्या कुरणांवरही झुडपे माजली.

महामार्गाचा प्रश्न :
एम-3 महामार्गासाठी 1970 च्या दशकात सुचविलेल्या इचेन नदीकाठच्या मार्गास स्थानिकांनी तीव्र विरोध केला. पुढे ट्वायफर्ड डाऊन खोदून जाणारा मार्ग निवडण्यात आला. या भागास विशेष वैज्ञानिक महत्त्वाचे क्षेत्र म्हणून मान्यता होती. तेथे संरक्षित प्राचीन अवशेषही होते. बोगद्याचा पर्याय मात्र खर्चाच्या कारणास्तव नाकारला गेला. न्यायालयीन लढा अपयशी ठरला. युरोपीय आयोगाने 1991 मध्ये घेतलेली हरकतही 1992 मध्ये मागे पडली. 9 डिसेंबर 1992 रोजी सुरक्षारक्षकांनी आंदोलकांना बळाने हटविले. रक्षकांच्या पिवळ्या जाकिटांवरून तो दिवस 'यलो वेन्सडे' म्हणून ओळखला जातो. 1994 मध्ये महामार्ग खुला झाला.

परिणाम :
ट्वायफर्ड डाऊनचा बळी गेला. तथापि सेंट कॅथरिन्स हिल वाचली. तिच्या पायथ्याचा जुना वळणरस्ता उखडून तेथे पुन्हा तृणभूमी वाढविण्यात आली. त्यामुळे टेकडी व नदीकाठची कुरणे यांचा तुटलेला सांधा जुळला. विंचेस्टर कॉलेजच्या मालकीच्या या टेकडीची निगा हॅम्पशायरची वन्यजीव संस्था राखते. तेथे चराई टिकवून चॉकहिल ब्लू या फुलपाखराचा अधिवास जपला जातो. शासनाच्या 1989 च्या रस्तेविस्तार कार्यक्रमातील अनेक योजना पुढील काळात रद्द झाल्या. त्यामागे आर्थिक कारणे असली, तरी या संघर्षाने बदललेल्या लोकमताचाही वाटा होता.

निष्कर्ष :
1949 व 1981 च्या कायद्यांनी अशा क्षेत्रांना दर्जा दिला; परंतु शासनच प्रकल्पकर्ते असताना तो दर्जा अपुरा ठरला. तसेच, केवळ कुंपण घातल्याने तृणभूमी टिकत नाही. तिला चराईची अखंड निगा लागते. नवी तृणभूमी पेरता येते. मात्र शतकांच्या चराईने घडलेली भूमी एकदा खोदल्यावर तिची भरपाई होत नाही, हाच या इतिहासाचा बोध होय.