रबराचे बी आणि साठवणीची मर्यादा

एकोणिसाव्या शतकात ॲमेझॉनच्या खोऱ्यातील रबराचे झाड आशियात आणण्याचे प्रयत्न प्रथम फसले, याचे एक मुख्य कारण त्याच्या बियांच्या स्वभावात होते. हे बी तेलकट आणि पाणीदार असल्यामुळे त्याची उगवणशक्ती, म्हणजे रुजून रोप होण्याची क्षमता, साध्या साठवणीत काही आठवड्यांतच नष्ट होते. १८७३ साली लंडनजवळच्या क्यू उद्यानात सुमारे २,००० बिया पोहोचल्या, परंतु त्यांतून जेमतेम डझनभर रोपे उगवली आणि त्यांपैकी कलकत्त्याला पाठवलेलीही जगली नाहीत.

१८७६ साली हेन्री विकहॅम याने तापाजोस नदीच्या परिसरातून सुमारे ७०,००० बिया जमवल्या, तेव्हा तेल खवट होऊ नये म्हणून त्या सावलीत हलक्या वाळवून सुक्या केळीच्या पानांच्या थरांत टोपल्यांमध्ये रचल्या आणि हवा खेळती राहावी म्हणून त्या टोपल्या जहाजात टांगून ठेवल्या. एवढी काळजी घेऊन व आगबोटीचा वेग मिळूनही क्यू येथे शेकडा चार बियासुद्धा रुजल्या नाहीत. त्यामुळे पुढचा प्रवास बियांऐवजी रोपांनी, वॉर्डच्या पेट्यांतून, म्हणजे आतील ओलावा टिकवणाऱ्या काचेच्या बंद पेट्यांतून केला आणि त्याच वर्षी १,९१९ रोपे श्रीलंकेकडे रवाना झाली.

या अनुभवामागील तत्त्व शास्त्रीय परिभाषेत बसले ते १९७३ मध्ये, जेव्हा ई. एच. रॉबर्ट्स यांनी बियांचे दोन वर्ग मांडले. बाभूळ, खैर यांसारख्या झाडांच्या ‘ऑर्थोडॉक्स’ बिया वाळवून थंड जागी ठेवल्यास दीर्घकाळ टिकतात आणि त्यांच्याबाबत ओलावा एक टक्क्याने किंवा तापमान पाच अंशांनी घटले, तर आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ढोबळ नियम सांगितला जातो. याउलट रबराचे बी, आंब्याची कोय, फणसाची आठळी ही ‘रिकॅल्सिट्रंट’, म्हणजे वाळवण न सोसणारी असतात. कोरडेपणाने ती मरतात, तर ओलसर ठेवल्यास कुजतात किंवा साठवणीतच रुजतात, आणि गोठवणाऱ्या थंडीत पेशींतील पाण्याचे बर्फ होऊन त्या फुटतात.

साठवणीच्या या मर्यादेचा परिणाम पुढील पिढ्यांवरही झाला, कारण आशियातील बहुतेक लागवड त्या थोड्या रोपांच्या वंशातून वाढल्यामुळे तिची आनुवंशिक विविधता तोकडी राहिली. ही उणीव भरून काढण्यासाठी १९८१ मध्ये ब्राझीलमधून रानटी रबराचे नवे वाण गोळा करण्यात आले, तेव्हा ते शीतगृहात बियांच्या रूपाने नव्हे, तर मलेशिया आणि आयव्हरी कोस्ट येथे झाडे लावूनच जतन करावे लागले.