पंधरा दिवसांची किल्ली

मंडळी, या शनिवारी विषय जरा घरगुती आहे. नोकरी लागली, किंवा बदली झाली, आणि तुम्ही ट्रंक घेऊन नव्या गावात उतरलात. पहिल्या रात्री झोपायचं कुठं?

आम्हा आयटीवाल्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. एचआरचा मेल येतो, त्यात पत्ता असतो, वॉचमनकडं किल्ली असते. आत पलंग, गादी, गीझर, गॅसची शेगडी, दोन कढया आणि एक न चालणारा टोस्टर. (प्रत्येक गेस्ट हाऊसमध्ये असतोच, बघा आठवून.) पंधरा दिवस फुकट राहा, तोवर खोली शोधा. ऑनसाईट गेलात तर हेच जरा मोठ्या प्रमाणावर. तिकडं जॅक डीबोअर नावाच्या बिल्डरनं १९७५ साली कान्सासमधल्या विचिटा गावी 'रेसिडेन्स इन' सुरू केलं. हॉटेलच, पण खोलीत स्वयंपाकघर, आणि गिऱ्हाईक कोण तर कामासाठी आठवडेच्या आठवडे परगावी राहणारा माणूस. १९८७ मध्ये मॅरियटनं ते विकत घेतलं. अशा खोल्यांमध्ये आपल्या पोरांनी किती कुकर वरणभात शिजवला असेल, त्याची मोजदाद नाही.

म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की ही कल्पना अमेरिकेतून आली. तसं नाही. सामानासकट तयार घर, सोबत स्वयंपाकी, आणि ठरावीक मुदत ही रचना आपल्याकडं कंपनी सरकारच्या काळातच होती (ती कंपनी, ईस्ट इंडिया!). तिचं नाव डाक बंगला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मोठ्या रस्त्यांवर टप्प्याटप्प्यानं हे बंगले उभे राहिले. खाट, टेबल, खुर्च्या, न्हाणीघर आणि एक खानसामा. साहेब येताना दिसला की तो अंगणातल्या कोंबडीमागं धावायचा, आणि तासाभरात तीच कोंबडी ताटात. दुसरा प्रवासी दारात आला आणि तुमचे चोवीस तास होऊन गेले असतील, तर जागा सोडायची असा नियम. आणि टेबलावर तक्रारवही, म्हणजे आजचा फीडबॅक फॉर्मच म्हणा ना. कागदावर तो सगळ्या प्रवाशांसाठी होता, वापर मात्र मुख्यतः साहेबांचा.

आमच्या नांदेड-लातूरकडं कामासाठी बाहेरचा माणूस येण्याची दोन मोठी कारणं, रेल्वे आणि सरकार. गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज नांदेडवरून १९०० च्या सुमाराला मनमाडपर्यंत गेली. लातूरला बार्शी लाईटची अरुंद गाडी १९११ मध्ये पोचली. रेल्वेनं राहण्याचा प्रश्न स्वतःपुरता सोडवला: जिथं स्टेशन, तिथं क्वार्टर. पूर्णा जंक्शनची रेल्वे कॉलनी बघा, गावापेक्षा तिचाच रुबाब जास्त.

सरकारचं प्रकरण नाजूक होतं. निजामाच्या राज्यात मुलकी आणि गैरमुलकी हा वाद जुना. १९१९ च्या नियमांप्रमाणे सरकारी नोकरीसाठी राज्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आणून इथं बसवले गेले. १९५२ मध्ये त्यावरून हैदराबादेत दंगा झाला, गोळीबार झाला. बाहेरून आलेल्याला क्वार्टर मिळतं आणि इथला पोरगा अर्ज घेऊन फिरतो, हा राग समजण्यासारखा होता. घर कुणाला मिळतं यावरून परका कोण ते ठरतं, निदान लोकांच्या डोळ्यांत तरी.

पण आपल्या इतिहासात नोकरीच्या गावी राहायची जागा न मिळण्याची सगळ्यात मोठी गोष्ट मराठवाड्यातली नाही, बडोद्याची आहे. साल १९१७. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्यात उतरले. नेमणूक अकाउंटंट जनरलच्या कचेरीत. कोलंबिया विद्यापीठाचा विद्वान, राज्याचा अधिकारी, आणि पहिला प्रश्न तोच: झोपायचं कुठं?

ही हकीकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या इंग्रजी आठवणींत लिहून ठेवली आहे. हिंदू खानावळीत प्रवेश नाही. शेवटी एक पारशी सराय मिळाली, तीही फक्त पारशांसाठी, म्हणून वहीत पारशी नाव लिहायचं ठरलं. जेवणखाणासह रोजचा दर दीड रुपया. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली. बाकीच्या मोठ्या हॉलमध्ये फळ्या, बाकं, मोडक्या खुर्च्यांचा ढीग. वीज नाही, एक कंदील. एवढ्या मोठ्या अंधारात एकटा माणूस पुस्तक घेऊन बसलेला. वाचताना मला प्रत्येक वेळी त्या मोडक्या खुर्च्याच दिसतात.

मधल्या काळात त्यांनी सरकारी बंगल्यासाठी दिवाणांकडं अर्ज केलेला होता. तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडं फिरत राहिला. आमच्या भाषेत, तिकीट ओपन, प्रायॉरिटी लो! अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यानं वर आले. आठवडाभराची मुदत मागितली, मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा. दोन मित्रांना विचारलं. एक हिंदू, तो म्हणाला तुम्ही आलात तर नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती, त्यानं बायकोचं कारण सांगितलं. मग कामाठी बागेत पाच तास बसून रात्रीची मुंबईची गाडी.

आता यात जरा बारकाईनं बघा. राजा पुरोगामी होता. नेमणूक पक्की होती, पगार ठरलेला होता. नोकरी द्यायला राज्य तयार, पण त्या नोकरीपर्यंत पोचण्याचा जो शेवटचा टप्पा, म्हणजे चार भिंती आणि एक खाट, तो राज्यानं गावावर सोडून दिला. आणि गावानं काय करायचं ते केलं. तो अर्ज वेळेत मंजूर झाला असता तर? इतिहासात जर-तर करू नये म्हणतात. पण प्रोजेक्टच्या पोस्टमॉर्टेममध्ये आम्ही तेच तर करतो.

बाबासाहेब हे विसरले नसावेत, असं मला वाटतं. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत कॉलेज काढलं (पुढं मिलिंद), तेव्हा वर्गखोल्यांसोबत वसतिगृहांकडंही लक्ष दिलं गेलं. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून आलेला पोरगा ॲडमिशन घेईल हो, पण रात्री कुठं जाईल? त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं.

नांदेडकर म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या गावात गुरुद्वारा आहे. तिथल्या लंगरात जेवायला बसताना कुणी आडनाव विचारत नाही. २००८ च्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला शहराचा कायापालट झाला, यात्री निवास वाढले. ही सोय यात्रेकरूंची, नोकरदारांची नव्हे, कबूल. तरी 'तुम्ही कोण' न विचारता ताट पुढं येतं, हे लहानपणापासून बघितलेल्या माणसाला पुण्यातल्या 'टु लेट'च्या पाट्या वाचताना जरा अडखळायला होतं.

लातूरचं म्हणाल तर तिथं खोल्यांचा धंदाच उभा राहिला. लातूर पॅटर्नच्या नादानं अकरावी-बारावीची पोरं आजूबाजूच्या जिल्ह्यांतून येतात. किरायानं खोली, लोखंडी खाट, टेबल, मेसचा डबा. आम्हीही त्यातलेच. खोली बघायला गेलं की मालक किराया सांगायच्या आधी विचारायचे, "कुठल्या गावचे? आडनाव काय?" आम्ही मित्र त्याला तोंडी परीक्षा म्हणायचो.

ही परीक्षा मोठ्या शहरात संपते हा गैरसमज. २०१५ मध्ये सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली आणि भोवतालच्या शहरांतल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या आडनावांनी फोन करून, प्रत्यक्ष जाऊन घर मागायचं. उच्च जातीच्या नावाला जवळपास सगळीकडून होकार, दलितांना नकार किंवा जास्तीच्या अटी, आणि मुसलमानांना सगळ्यात जास्त नकार.

आमच्या टीममध्ये उदगीरचा एक जण होता, मुसलमान, कोडमध्ये आमच्यापेक्षा दोन पावलं पुढं. पंधरा दिवसांत खोली मिळाली नाही. एचआरनं मुदत वाढवली, मग पुन्हा वाढवली. तिसऱ्यांदा मेल आला की पुढचे दिवस पगारातून कापले जातील. रोज संध्याकाळी ब्रोकरचा फोन यायचा, आणि तो जिन्यात जाऊन बोलायचा, आमच्यासमोर नाही. शेवटी मॅनेजरनं कंपनी लीज करून घेतलं: करार कंपनीच्या नावावर, मालकाशी बोलायला ॲडमिनचा माणूस. त्या मालकानं कंपनीचा शिक्का बघितला, तीन महिन्यांचं डिपॉझिट घेतलं आणि सही केली. राहणाऱ्याचं नाव करारात चौथ्या पानावर होतं, तिथपर्यंत त्यानं वाचलंच नाही.